बहात्तर की चौऱ्याहत्तर?

तर झालं असं की गेल्या महिन्यात शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली आणि मी मिरजगावला गेलो. नगर-सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं आमचं गाव. घराची पडवी पाडून तिथे नवी खोली काढायची होती, त्यामुळे माळा रिकामा करायचं काम निघालं. पितळी हंडे, मोडका पाळणा, कुणाच्या तरी लग्नातले ट्रंक, आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकवलेली आबांची सायकल.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पुण्याला कारखान्यात होते, काही वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या सायकलीबद्दल घरात एक ठरलेलं वाक्य आहे: "आबाची सायकल रेसची होती." पुढचं वाक्यही ठरलेलं: "मुंबई-पुणे रेसला जायचं होतं त्याला, पण राहिलं." का राहिलं हे कुणी सांगत नाही. नोकरी, संसार, दुष्काळ, ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

ऑफिसमधल्या एका मित्राला जुन्या सायकलींचा नाद आहे. त्याला फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: "ब्रिटिश दिसतेय! खरंच रेसर असेल तर मी घेतो, आकडा तू बोल. आधी अँगल मोज."

आता कुणी 'मोज' म्हटलं की आमच्यासारख्या माणसाचा रविवार गेलाच :)

सायकलीवर ओळख म्हणून काही शिल्लक नव्हतं. पुढचा बिल्ला गायब, फ्रेमवर हिरव्या ऑइलपेंटचे दोन-तीन थर. हॅंडल साधं, गावातल्या सायकल मार्टमधून बसवलेलं. चाकं २६ इंची, देशी. थोडक्यात, एखाद्या जुन्या कोडबेससारखी अवस्था: मूळ लिहिणारा निघून गेलेला, कॉमेंट एकही नाही आणि मधल्या काळात पाच जणांनी पॅच मारलेले. अशा वेळी विश्वास ठेवायचा तो फक्त आर्किटेक्चरवर. सायकलीचं आर्किटेक्चर म्हणजे तिच्या फ्रेमची भूमिती. चाकं, हॅंडल, सीट सगळं बदलता येतं, नळ्या कुठल्या कोनात जोडल्यात ते बदलत नाही. (निदान तेव्हा तरी माझा असा समज होता.)

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

सायकल बाजूने बघा. सीटखालून पायडलपर्यंत येणारी नळी उभी नसते, मागे झुकलेली असते. हॅंडलखालची आखूड नळीही तशीच तिरकी असते. जमिनीशी त्यांचे जे कोन होतात ते दोन आकडे सर्वांत महत्त्वाचे. आपली नेहमीची काळी सायकल घ्या, दूधवाल्यांची, पोस्टमनची, आजोबांची. तिचे कोन साधारण पासष्ट ते अडुसष्टच्या घरात असतात. त्यामुळे चाकांमधलं अंतर लांब, चालवणारा ताठ बसलेला, आणि खड्ड्याचा दणका फ्रेम आणि चिमटा मिळून गिळतात. (चिमटा म्हणजे फोर्क, सायकल दुकानात हाच शब्द चालतो.) या काळ्या सायकलीचा नकाशा ब्रिटिश रोडस्टरचा. हर्क्युलस, अॅटलस, हिरो सगळ्यांनी तोच थोड्याफार फरकाने वापरला. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो सुरू झाली आणि देशातल्या प्रत्येक गावात तोच त्रिकोण पोहोचला. दुधाच्या कॅनसाठी डबल दांडी मारली तरी कोन तेच.

रेसची सायकल याच्या उलट. कोन ७३ ते ७४, कधी जास्तही. मागचं चाक सीटच्या नळीला जवळजवळ चिकटलेलं, म्हणजे पायडलच्या अॅक्सलपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जेमतेम ४०५ ते ४१५ मिलिमीटर. टायर आणि फ्रेम यांच्यात बोट जाईल एवढीच जागा. मडगार्डला जागा कशाला, पावसात भिजला तर भिजला! टूरिंगची सायकल, म्हणजे सामान लादून लांब जायची, या दोन्हींच्या मध्ये. कोन ७२ च्या आसपास, मागचा भाग ४३० ते ४५० मिलिमीटर, कारण कॅरियरवरच्या पिशवीला टाच लागता कामा नये. शिवाय मडगार्ड आणि कॅरियर बसवायला अॅक्सलजवळ छोटी भोकं.

आणखी एक गंमतशीर राशी आहे, तिला ट्रेल म्हणतात. हॅंडलची नळी सरळ पुढे वाढवली तर जमिनीला जिथे टेकेल, त्याच्या मागे किती अंतरावर टायर जमिनीला टेकतो, ते हे अंतर. चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर, कोन ७३ अंश आणि चिमट्याचा पुढे आलेला बाक ४५ मिलिमीटर असेल तर ट्रेल येतो ५७. ट्रेल जास्त असला की वेगात सायकल सरळ धरून चालते, कमी असला की हॅंडल चटकन वळतं. बारावीची त्रिकोणमिती अखेर कुठेतरी कामी आली म्हणायची.

तर मोजायला बसलो. फरशी सपाट नव्हती म्हणून आधी दोन्ही अॅक्सल एका पातळीत आणले (पुढच्या चाकाखाली दोन वह्या). कोनासाठी फोनमधलं अॅप, आणि फोनवर विश्वास नाही म्हणून बांधकामाला आलेल्या गवंड्याचा ओळंबा. ओळंबा सोडून टेपने दोन अंतरं घेतली की टॅन्जंट काढता येतो. दोन्ही पद्धतींत अर्ध्या अंशाचाही फरक आला नाही. गवंडी मामा बघत होते. म्हणाले, "सायकलीची भिंत बांधायलाय का काय?"

निकाल असा:

सीटची नळी: ७२ अंश.
हॅंडलची नळी: ७४ अंश.
मागचा भाग: ४४० मिलिमीटर.
मागच्या चाकाच्या जागेची रुंदी: ११४ मिलिमीटर.
सीटपोस्टचा व्यास: २६.८ मिलिमीटर.
मागच्या अॅक्सलपासून ब्रेकच्या भोकापर्यंत: ३७० मिलिमीटर.

७४ बघितल्यावर मी ओट्यावरून ओरडलोच, "दादा, खरंच रेसची आहे!" दादा म्हणजे माझे वडील. ते आत चहा घेत होते. "व्हय," एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं बाहेर येतील, बघतील. आले नाहीत.

मित्राला आकडे पाठवले. त्याचं उत्तर अर्ध्या तासाने आलं: "चौऱ्याहत्तरचं डोकं आणि चारशे चाळीसचं शेपूट? असं कुणी बनवत नाही रे."

बरोबर होतं त्याचं. एक आकडा सोडला तर बाकी सगळे वेगळंच काही सांगत होते. मागचा भाग लांब. अॅक्सलजवळ मडगार्डची भोकं, पुढेही आणि मागेही. चिमट्याच्या उजव्या पायावर एक छोटा खुंट झाळलेला, तो दिवा अडकवायचा. ब्रेकचं भोक ३७० वर, म्हणजे मूळ चाक २७ इंची असणार: २७ बाय सव्वाच्या टायरची त्रिज्या साधारण ३४७, वर मडगार्डला जागा उरते. गावात २६ इंची चाकं बसवल्यावर ब्रेक पोचेना, म्हणून कुणीतरी लोखंडी पट्टी लावून ब्रेक खाली उतरवला होता. तो सुद्धा पॅचच. ११४ ची रुंदी म्हणजे बहुधा डिरेलियर गिअर नाही, एकच चक्र किंवा हबमधले तीन गिअर. सीटपोस्ट मात्र बोलकी होती. काळ्या सायकलीची २५.४ ची असते. बाहेरून नळी तेवढीच, २८.६, म्हणजे आपल्या फ्रेमची नळी बरीच पातळ, साधारण ०.९ मिलिमीटरची. हलकी, चांगल्या पोलादाची. खालच्या कपाचे आटे मोजले, इंचाला २४. रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या फ्रेमला २६ असायचे, म्हणजे 'आबाची रॅले' हे घरातलं दुसरं वाक्यही गेलं.

मग ही आहे तरी काय? याचं उत्तर इंग्लंडच्या एका विचित्र इतिहासात आहे. तिथे १८९० च्या दशकापासून नॅशनल सायकलिस्ट्स युनियनने रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींना बंदी घातली होती. पोलीस आपल्यावर उखडतील ही भीती. मग लोकांनी पळवाट काढली: पहाटे, काळे कपडे घालून, एकेकट्याने, एका मिनिटाच्या अंतराने निघायचं आणि घड्याळाशी स्पर्धा करायची. ही टाइम ट्रायल. ७ जून १९४२ ला पर्सी स्टॅलर्ड नावाच्या माणसाने लॅंगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सरळ सामूहिक शर्यत भरवली, तेव्हा युनियनने त्याच्यावर बंदी घातली आणि त्याने मित्रांसोबत त्याच वर्षी वेगळी लीग काढली. सांगायचा मुद्दा, त्या काळातल्या क्लबच्या पोराकडे एकच सायकल असायची. सोमवार ते शनिवार तिच्यावर कामाला जायचं, रविवारी मडगार्ड-दिवा काढून पहाटेच्या ट्रायलला उतरायचं, सुट्टीत मागे पिशवी बांधून डोंगरात जायचं. त्यासाठी बनवलेली फ्रेम म्हणजे 'क्लब' सायकल. तिचे दोन्ही कोन बहुतेकदा सारखे, ७२-७२ वगैरे. दिव्याचा खुंट, मडगार्डची भोकं, लांब मागचा भाग, पातळ नळी: आमची सायकल तंतोतंत तीच. फक्त पुढचा कोन सोडून.

(आपल्याकडे सायकलवर लांब जायची परंपरा काही कमी नाही. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तीन पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून निघाले आणि सुमारे ७१,००० किलोमीटर चालवून, जगाला फेरी घालून १८ मार्च १९२८ ला परत आले. सामान बांधलं की झाली टूरिंग.)

आता राहिला तो ७४. डिबगिंगचा पहिला नियम, नऊ गोष्टी एक सांगतात आणि दहावी वेगळं, तर दहावीकडे नीट बघ. बहुतेक वेळा बग तिथेच असतो. मी फोन घेऊन पुन्हा बसलो. यावेळी कोन जमिनीशी न मोजता आडव्या दांडीशी मोजला. दांडीच्या मध्यावर मोजला तर ७४. हॅंडलजवळ, जिथे दांडी जोडाच्या लोखंडी बाहीत शिरते, तिथे मोजला तर ७२.

एकाच दांडीचे दोन कोन! म्हणजे दांडी सरळ नाही. स्टीलची पट्टी खालून लावून बघितली. मागून सरळ येते आणि हॅंडलच्या अलीकडे चार बोटांवर नाक खाली घालते. खालच्या तिरक्या नळीलाही तसंच. मग बोट फिरवलं. ऑइलपेंटच्या थराखाली, दोन्ही नळ्यांच्या पोटाला, एक बारीक सुरकुती लागली. डोळ्याला दिसत नव्हती, बोटाला लागली.

याचा एकच अर्थ होतो. सायकल समोरून कशावर तरी जोरात आदळली होती. चिमटा मागे ढकलला गेला, त्याने हॅंडलची नळी खालून मागे ओढली, नळ्या जोडाच्या मागे दुमडल्या आणि ७२ चे ७४ झाले. दोन अंश ऐकायला काहीच वाटत नाही, पण पुढच्या अॅक्सलपाशी ते जवळपास दोन सेंटिमीटर होतात. तेवढ्यात वळताना बूट पुढच्या चाकाला लागायला लागतो. चिमटा नंतर कुणीतरी सरळ केला होता, ठोक्यांच्या खुणा रंगाखाली होत्याच. रेसची सायकल नव्हती. अपघाताने ती रेसची दिसायला लागली होती.

मी एकदम खूश. केस सुटली! आत जाऊन दादांना सगळं सांगितलं, कागदावर आकृती काढून दाखवली. इथे आदळली, इथे दुमडली. "आबांचा कधी अपघात झाला होता का?"

दादा बराच वेळ आकृतीकडे बघत बसले. मग म्हणाले, "आबाचा न्हाई. माझा."

दुष्काळानंतरची गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात आबांच्या पगारावर घर तगलं. महिन्याच्या महिन्याला ते यायचे, बहुतेकदा एसटीने, सायकल टपावर टाकून. एकदाच पुण्याहून सायकल मारत आले. गावात सांगतात 'एका रात्रीत', पण दादा म्हणाले, घोडनदीला मुक्काम केला होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले, मागे शेंगदाण्याची पिशवी बांधलेली. पुढच्या एका सुट्टीत ते दुपारी झोपले असताना दादांनी सायकल काढली. वय तेरा. सीटवर पाय पुरत नव्हते म्हणून दांडीवर बसून. माहीजळगावच्या बाजूला उतारावर बैलगाडीच्या मागच्या बाजूला जाऊन धडकले. हनुवटीवरची खूण, जी आम्ही लहानपणापासून 'झाडावरून पडलो' म्हणून ऐकत आलो, ती त्या दिवसाची.

"लोहाराकडं नेली आबानं. त्यानं ठोकून सरळ केली. मला एक शब्द बोलला न्हाई. नवा रंग मारला वरून. आणि रेसचं नाव परत काढलं न्हाई."

पन्नास वर्षं झाली. माझ्या वडिलांनी पन्नास वर्षं हे मनात धरलं होतं, की आबांची रेस आपल्यामुळे गेली. मी रविवारी सकाळी ओट्यावरून "खरंच रेसची आहे" म्हणून ओरडलो तेव्हा ते बाहेर का आले नाहीत, ते तेव्हा कळलं.

मग मला जे करावंसं वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. हातात पुरावा होता. म्हटलं, "दादा, पण ही रेसची सायकल नव्हतीच. बघा, मडगार्डची भोकं आहेत, दिव्याचा खुंट आहे, मागचा भाग लांब आहे. ही रोज कामावर जायची आणि सामान वाहायची सायकल. हिच्यावर बोरघाट चढून पुण्यात पहिलं येणं तेव्हाही अवघडच होतं. तुम्ही काही बिघडवलं नाही."

दादांनी ऐकून घेतलं. चहाचा कप खाली ठेवला.

"सायकल रेसची नव्हती हे तुझं माप सांगतंय. आबाला रेसला जायचं नव्हतं, हे कुठलं माप सांगतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. फ्रेम बघून बनवणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते सांगता येतं, अर्ध्या अंशाच्या अचूकतेने. विकत घेणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते नाही. इंग्लंडमधली क्लबची पोरं याच भूमितीवर रविवारी शर्यती मारायचीच की. आबांनीही तेच ठरवलं असेल, मडगार्ड काढू आणि उतरू. किंवा नुसतं बोलले असतील, बावीस-तेविसाव्या वर्षी आपण सगळेच बोलतो तसं. एक गोष्ट मात्र त्या सुरकुतीवरून कळते. फ्रेम वाकल्यावरही त्यांनी ती टाकली नाही. दांडीवरचा रंग कॅरियरच्या क्लॅम्पने आणि गुडघ्यांनी जिथे घासलाय तो वरचा हिरवा आहे, म्हणजे अपघातानंतरचा. त्यानंतरही बरीच वर्षं ती चालली. वळताना बूट चाकाला लागत असणार, रोज. त्यांनी भावाला ते कधी सांगितलं नाही.

हे मी दादांना सांगितलं. यावेळी ते उठून बाहेर आले. वाकून दांडीच्या खालून बोट फिरवलं. सुरकुती सापडली तसे थांबले, आणि परत एकदा फिरवलं.

पुण्याला परतल्यावर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जाऊन आलो. दुसऱ्या महायुद्धातली घडीची बीएसए वगैरे बघण्यासारखं खूप आहे, जरूर जा. तिथल्या जुन्या ब्रिटिश सायकली बाजूने बघितल्या की डोळा तयार होतो. डोकं आणि सीट समांतर झुकलेले असले की सायकल कशी निवांत उभी दिसते, ते कळतं. आमची तशी दिसत नाही, जरा दचकल्यासारखी दिसते. आधी मला तो तिचा रेसिंग बाणा वाटला होता!

मित्राला विकायची नाही म्हणून कळवलं. त्याने विचारलं, निदान सरळ तरी करणार का? पातळ नळी एकदा दुमडली, एकदा ठोकली, आता पुन्हा ताणली तर सुरकुतीपाशी तडा जायची भीती. नीट करायचं तर दोन्ही नळ्या कापून नव्या झाळाव्या लागतील. दादा नको म्हणाले. फक्त २७ इंची चाकं मिळतात का बघ म्हणाले. पट्टी लावलेला ब्रेक त्यांना आवडत नाही. चाकं शोधतोय, कुणाकडे जुनी २७ बाय सव्वाची जोडी असेल तर सांगा. चालवायची नाहीये, पडवीच्या नव्या खोलीत उभी करायची आहे.

आणि तुमच्या घरी माळ्यावर कुणाची 'रेसची' सायकल असेल तर फोनमधलं अॅप काढायच्या आधी एक करा. हॅंडलच्या मागे, दोन्ही नळ्यांच्या पोटाखालून बोट फिरवा. काही लागलं तर घाईने निष्कर्ष काढू नका. घरात कुणाला तरी विचारा. आणि विचारताना, माझ्यासारखं ओट्यावरून ओरडून नको, जवळ जाऊन विचारा.